स्विचची एनएसपी फाईल आतून कशी वाचायची

एनएसपी (निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलचे गेम ज्यात बांधलेले असतात ती फाईल) म्हणजे काहीतरी भारी लॉक केलेली गोष्ट असं वाटतं ना, पण बाहेरचा डबा अगदी साधा आहे, नाव पीएफएस० (PFS0), त्याला ना एन्क्रिप्शन ना कॉम्प्रेशन. कुठल्याही हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, पहिल्या ४ बाइटमध्ये हेच नाव दिसेल. नसेल तर फाईल खराब तरी आहे किंवा एनएसपीच नाहीये.

पुढचे ४ बाइट म्हणजे आत किती फाईली आहेत तो आकडा, मग ४ बाइट नावांच्या टेबलची साईज, शेवटचे ४ राखीव. झाला १६ बाइटचा हेडर. आकडे लिटल एंडियन आहेत बरं का, म्हणजे प्रत्येक आकड्याचे बाइट उलट्या क्रमाने वाचायचे, इथेच सगळे फसतात.

नंतर प्रत्येक फाईलची २४ बाइटची नोंद: ८ ऑफसेट (फाईल किती बाइट पुढे सुरू होते ते), ८ साईज, ४ नाव टेबलमध्ये कुठे सुरू होतं ते आणि ४ राखीव. ऑफसेट फाईलच्या सुरुवातीपासून मोजू नका!! तो डेटा जिथे सुरू होतो तिथून असतो. म्हणजे ६ फाईली आणि २५६ बाइटचं टेबल असेल तर १६ + १४४ + २५६ = ४१६, डेटा तिथून.

आत मुख्य माल एनसीए फाईली (गेमचा खरा डेटा यांत असतो), त्यांचं नाव म्हणजे त्यांच्याच एसएचए-२५६ हॅशचे (फाईलमधल्या मजकुरावरून काढलेला ठसा) पहिले १६ बाइट, हेक्समध्ये लिहिलेले, त्यामुळे फाईल धड आहे का ते हॅश काढून लगेच कळतं. सोबत टिकीट (गेम उघडायची किल्ली असलेली छोटी फाईल) आणि त्याचं सर्टिफिकेट असू शकतं. एनसीए मात्र खरंच एन्क्रिप्टेड, हेडरसकट, तिथे किल्ल्या लागतातच.