लॉगची शेपटी धरा, पण मोठ्या एफनं

म्हापशातल्या एका छोट्या हॉटेलचा बुकिंग सर्व्हर मी फोंड्यातून, घरूनच सांभाळते. बुकिंग अडकलं की रिसेप्शनवरून फोन येतो आणि मी आधी लॉगचा, म्हणजे सर्व्हर आपल्या कामाची नोंद करतो त्या फाइलचा, शेवट बघते. नवी ओळ नेहमी तळाला पडते, त्यामुळे आत्ताची चूकही तिथेच असते. तरी नव्यानं शिकणारी मुलं अख्खी फाइल एडिटरमध्ये उघडतात. ती दोन जीबीची असली की एडिटर गुदमरतो. टेल (फाइलचा शेवट दाखवणारी लिनक्सची आज्ञा) मात्र थेट शेवटाला जाऊन तिथून मागे वाचतं, म्हणून फाइल केवढीही असो, उत्तर लगेच मिळतं.

(खाली आज्ञांचे उच्चार लिहिलेत. टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.)

टेल बुकिंग.लॉग

एवढं लिहिलं की शेवटच्या १० ओळी दिसतात. पण एका एररचा ट्रेसबॅक (चूक कुठून कशी आली त्याचा माग) कधीकधी तीस-चाळीस ओळींचा असतो. म्हणून मी आकडा सांगूनच सुरुवात करते:

टेल -एन १०० बुकिंग.लॉग

आकड्याआधी अधिकचं चिन्ह लावलंत तर अर्थ बदलतो: +१०० म्हणजे शंभराव्या ओळीपासून शेवटपर्यंत. सीएसव्हीतली (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइलमधली) शीर्षकाची ओळ गाळायला मी +२ वापरते.

आता लॉग चालता चालता बघणं. टेल -एफ, छोटा एफ, लिहिलं की नवी ओळ आली तशी पडद्यावर येते. थांबवायला कंट्रोल-सी. बहुतेक जण इथेच थांबतात. मीही थांबले होते.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता, खोल्या भरत होत्या आणि पेमेंट मधूनमधून फसत होतं. रात्री दहाला मी टेल -एफ लावून बसले. बारानंतर पडदा शांत झाला. मला वाटलं, अडचण मिटली. पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा दारात वाजला, तेवढ्यात फोन: "ताई, रात्रीपासून एकही बुकिंग लागलं नाही." मध्यरात्री लॉगरोटेटनं (जुने लॉग बाजूला काढणाऱ्या प्रोग्रामनं) जुन्या लॉगचं नाव बदललं होतं आणि त्या जागी नवी फाइल केली होती. एररच्या ओळीच ओळी त्या नव्या फाइलमध्ये पडत होत्या. छोटा एफ उघडलेली फाइलच धरून ठेवतो, तिचं नाव बदललं तरी सोडत नाही. मोठा एफ नाव धरतो. त्या नावाची नवी फाइल आली की तिच्याकडे वळतो, आणि तसं पडद्यावर कळवतोही. तेव्हापासून चालत्या लॉगवर मी मोठाच एफ लावते.

नुसते एरर हवे असतील तर टेलपुढे पाइप (एका आज्ञेचं उत्तर दुसरीकडे पाठवणारी उभी रेघ) देऊन ग्रेप (हवा तो शब्द असलेल्या ओळीच गाळून देणारी आज्ञा) जोडा. ग्रेपचं उत्तर आणखी पुढच्या पाइपात किंवा फाइलमध्ये जाणार असेल तर ग्रेपला --लाइन-बफर्ड लावा, नाहीतर ओळी साठून उशिरा पोचतात. घाईच्या वेळी हा उशीर फार महागात पडतो.

हे नुसतं वाचून हाताला बसणार नाही. दोन टर्मिनल शेजारी उघडा. एकात रिकाम्या चाचणी.लॉगवर मोठ्या एफनं टेल लावा. दुसऱ्यात एमव्ही करून त्या फाइलचं नाव बदला आणि पहिल्याकडे बघा: फाइल सापडत नाही, असा संदेश येईल. मग जुन्याच नावानं नवी फाइल करून तिच्यात एकोनं एक ओळ टाका. ती ओळ पहिल्या टर्मिनलात उमटेल. आता हेच सगळं छोट्या एफनं करून बघा.