वॉटसन हॉटेलची इमारत: आधी लोखंड बघा, मग विटा

काळा घोड्याजवळ डेव्हिड ससून लायब्ररी आणि आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग ओलांडली की वॉटसन हॉटेल लागतं, आजचं एस्प्लनेड मॅन्शन. जॉन वॉटसन यांनी ते बांधून घेतलं आणि आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरने केला. लोखंडी भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणले, इथे जोडले आणि खांबांमधल्या मोकळ्या जागा विटांनी भरल्या. १८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा, म्हणजे चलचित्रं दाखवणाऱ्या यंत्राचा, भारतातला पहिला खेळ इथेच झाला. १९६० च्या दशकात हॉटेल बंद पडलं आणि खोल्यांमध्ये बिऱ्हाडं व ऑफिसं आली, त्यातली बरीच वकिलांची. २००५ मध्ये सज्जांचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. २०१९ मध्ये इमारत रिकामी करून घेतली. म्हणून पहिली पाहणी समोरच्या फुटपाथवरून, दुर्बिणीने करा. सज्जाखाली उभं राहू नका.

पहिला प्रश्न असा की वजन कोण पेलतंय? खालपासून वरपर्यंत एका रेषेत चढणारे खांब शोधा. भार पेलणारी विटांची भिंत खालच्या मजल्यांवर जाड होत जाते. इथे भार लोखंडाच्या सांगाड्यावर आहे आणि विटा दोन खांबांमधला पडदा आहेत. हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण दुरुस्तीतल्या बहुतेक चुका या भिंतीला साधी भिंत समजल्यामुळे होतात.

मग लोखंड ओळखा. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही, म्हणून ते खांबांना वापरलं. त्यावर नक्षी सहज ओतता येते आणि बारकाईने पाहिलं तर साच्याची शिवण दिसते. घडीव लोखंड ताण सोसतं, म्हणून ते तुळयांना. पट्ट्या जोडणाऱ्या रिव्हेटच्या, म्हणजे ठोकून बसवलेल्या गोल डोक्याच्या खिळ्यांच्या, रांगांवरून ते ओळखा. घडीव तुळई वाकून आधी इशारा देते. ओतीव खांब मात्र इशारा न देता तडकतो आणि नेहमीच्या वेल्डिंगने नीट सांधत नाही. त्यामुळे ओतीव भागातली केसाएवढी भेगही लगेच स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

विटांमधल्या भेगा वाचताना दिशा महत्त्वाची. लोखंडाच्या कडेला समांतर, सरळ जाणारी भेग असेल तर आत गंज चढतोय. गंजाला मूळ धातूच्या कितीतरी पट जागा लागते, म्हणून तो विटांना बाहेर ढकलतो. अशी भेग नुसती बुजवली तर पुन्हा उघडते. तिरकी, पायऱ्यापायऱ्यांची भेग असेल तर खचलेला पाया किंवा वाकलेली तुळई शोधा. शंका असेल तर भेगेवर पातळ काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवून तारीख लिहा. काच तुटली तर हालचाल चालू आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा तरी नोंदी ठेवा. वरच्या मजल्यांवर नंतर घातलेल्या पार्टिशन भिंती, मोऱ्या, पाण्याच्या टाक्या आणि गळके पाइप यांचीही यादी करा. जास्तीचं वजन आणि मुरलेलं पाणी तिथूनच येतं.

आता विटांच्या सांध्यांबद्दल. किल्लीने सांधा खरवडून बघा. चुना भुरभुरतो, सिमेंटवर ओरखडाही धड उठत नाही. जुन्या मऊ विटेत सिमेंट भरलं की सांध्यातून निघणारी ओल विटेतून वाट काढते, तिच्यासोबत येणारे क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि विटेचा दर्शनी थर पापुद्र्यासारखा सुटतो. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत हे फार लवकर होतं.

सांधा २० ते २५ मिलिमीटर खोल, छिन्नी-हातोडीने मोकळा करा. ग्राइंडर नको, विटांच्या कडा जातात. सुरुवातीला १ भाग भिजवून मुरवलेला चुना, १ भाग सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी), २ भाग नदीची चाळलेली वाळू घ्या आणि आडबाजूच्या चौरस मीटरभर भिंतीवर नमुना करून रंग व ताकद तपासा. समुद्राची वाळू वापरू नका, क्षार तुम्हीच आत घालाल. वीट आदल्या दिवशी आणि भरायच्या आधी ओली करा, पण पाणी साचलेलं नको. १० मिलिमीटरपेक्षा जाड थर एकदम भरला तर तो आक्रसून सुटतो. थराथराने दाबून भरा. मग गोणपाट लावून किमान ७ दिवस ओलावा टिकवा. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा.

सांध्यांना हात लावण्याआधी गंजलेलं लोखंड उघडं करा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू किंवा जाळू नका. ओलं खरवडा, मास्क लावा. गंज काढून, जस्ताचा प्रायमर देऊन, मगच विटा परत बसवा आणि लोखंडाला घट्ट ठासू नका. उन्हाने लोखंड फुगतं, त्याला हलायला मऊ चुन्याचा सांधा लागतो. विटांवर सँडब्लास्टिंग कधीच करू नका, भाजताना आलेली कडक साल निघून जाते.

ही इमारत वारसा यादीत श्रेणी २-अ मध्ये आहे. अशा इमारतीला बाहेरून हात लावायचा तर महापालिकेकडे अर्ज करून वारसा समितीची मंजुरी घ्यावी लागते. अर्जासोबत फोटो, भेगांच्या नोंदी आणि चुन्याचा तो नमुना जोडा.