नवा चिनी कुंचला कसा पारखावा

चीनच्या जेजियांग प्रांतातील हूचौ परिसर शाईचित्रांच्या आणि सुलेखनाच्या कुंचल्यांसाठी शतकानुशतके नावाजलेला आहे. चिनी परंपरेत चांगल्या कुंचल्याचे चार गुण मानले जातात: टोक अणकुचीदार असावे, दाबून चपटे केल्यावर केसांची टोके एका ओळीत यावीत, पोट, म्हणजे केसांचा मधला भाग, गोल व भरीव असावे आणि दाब काढताच केस पुन्हा सरळ व्हावेत. मात्र ही पारख कोरड्या कुंचल्यावर होत नाही. नव्या कुंचल्याचे केस खळ लावून ताठ केलेले असल्यामुळे दिसणारे सुबक टोक खळीचे असते, केसांचे नव्हे.

म्हणून प्रथम खळ काढावी. कुंचला थंड किंवा कोमट पाण्यात केस बुडतील इतपतच धरावा, आणि ते आपोआप मऊ झाल्यावर बोटांनी हलकेच मोकळे करावेत. कोरडे केस चुरगाळल्यास ते मोडतात, तर गरम पाण्याने मुळाशी केस धरून ठेवणारा चिकट थर सैल होतो. पाण्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत कुंचला धुवावा. या वेळी दोन-चार केस गळाले तर काळजी नसावी. पुढेही गळतच राहिले, तर मात्र बांधणी कच्ची आहे असे समजावे.

आता ओल्या केसांचे टोक जुळवून पाहावे, ते दोन बोटांत चपटे दाबावे आणि सोडावे. येथे केसांची जात लक्षात घेणे अत्यंत आवश्यक आहे. शेळीच्या केसांचा कुंचला मऊ असतो, भरपूर पाणी धरतो आणि वाकल्यावर सावकाश सरळ होतो. वीझल या मुंगसासारख्या लहान प्राण्याच्या केसांचा कुंचला चटकन उसळतो. एकाची अपेक्षा दुसऱ्याकडून केल्यामुळे उत्तम कुंचलेही विनाकारण नाकारले जातात, आणि नवशिक्यांचा सर्वाधिक तोटा येथेच होतो असे मला वाटते.

ज्या कागदावर पुढे काम करायचे, त्यावरच चाचणी घ्यावी. आनह्वेई प्रांतातील जिंग तालुक्यात बनणाऱ्या ‘श्वान’ (Xuan) नावाच्या चिनी कागदाचा, ज्याची पारंपरिक निर्मितीकला युनेस्कोने २००९ मध्ये आपल्या वारसायादीत घेतली, खळ न लावलेला प्रकार शाई लगेच शोषतो, त्यामुळे कुंचल्यातील पाण्याचे प्रमाण त्यावर क्षणात उघड होते. सहाणेवर चंदन उगाळावे तशी शाईची कांडी दगडी दौतीवर थोड्या पाण्यात उगाळावी. पोटात फिकी शाई भरून घ्यावी, केवळ टोक दाट शाईत बुडवावे आणि कुंचला आडवा धरून बांबूच्या पेराएवढा एकच फटकारा ओढावा. फिक्यापासून गडदपर्यंतच्या छटा त्या एकाच फटकाऱ्यात उतरल्या, तर पोट शाई नीट धरते असे म्हणता येते. त्यानंतर कुंचला उभा धरून दाबत आणि उचलत बांबूचे पान काढावे. पानाचे टोक दुभंगले, तर आधी शाई व पाणी कमी-अधिक करून पुन्हा पाहावे. शेवटी पुन्हा शाई न घेता एक लांब रेघ ओढत राहावे: रेघेत कागदाचे पांढरे पट्टे कधी दिसू लागतात, यावरून कुंचल्याची धारणशक्ती कळते.

काम संपताच साध्या पाण्याने मुळापर्यंत धुवावे, कारण शाईतील सरस मुळाशी वाळला की केस फाकतात. टोक जुळवून कुंचला खाली तोंड करून टांगावा आणि सोबत आलेले टोपण ओल्या केसांवर बसवू नये. आत ओल कोंडून बुरशी धरते.