सुकाणू हातात घेताय? या चुका टाळा

शिडाची होडी शिकायला आलेल्या जवळपास प्रत्येकाचा हात एकाच गोष्टीने बिघडलेला असतो: सुकाणू फार फिरवणं. होडी जरा भरकटली की टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, जोरात इकडे, मग ती पलीकडे गेली की तितक्याच जोरात तिकडे. मागे वळून पाण्यावर उमटलेला माग बघा, सापासारखा दिसेल. सुकाणूचं पातं तिरकं झालं की वळवता वळवता ते वेगही खातं. 30-35 अंशांच्या पुढे नेलंत तर पाणी पात्याला धरून वाहतच नाही, उरतो तो नुसता ब्रेक. वेग पडला की होडी ऐकत नाही, आणि घायकुतीला आलेला माणूस टिलर आणखी ढकलतो.

मी टिलर बोटांत धरतो, मुठीत आवळत नाही. थोडा हलवतो आणि थांबतो. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वळायला लागली की दिशा गाठायच्या आधीच हात मध्यावर आणतो.

दुसरी खोड होकायंत्राला डोळे चिकटवण्याची. तबकडी जागेवर असते, फिरते ती होडी. पण एकटक बघणाऱ्याला तबकडीच पळतेय असं वाटतं आणि तो तिचा पाठलाग करत सुटतो. एकदा वारा आणि लाटा दोन्ही मागून होत्या. टिलरवरच्या नवख्या मुलाला दोनदा सांगितलं, मान वर कर. त्याने केली नाही. एका लाटेने मागची बाजू ढकलली आणि त्याने टिलर बूमच्या, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याच्या, उलट बाजूला लोटला. नाळ बूमकडे वळली, वारा शिडाच्या पाठीमागून शिरला आणि बूम सणसणत पलीकडे गेला. दोरी गुंडाळायला एक जण खाली वाकला होता, म्हणून त्याचं डोकं वाचलं. शिडाच्या दोरीची कप्पी मात्र तुटली.

नजर क्षितिजावर, दूरच्या एखाद्या खुणेवर ठेवा. होकायंत्राकडे अधूनमधून बघितलं तरी पुरतं. मागच्या वाऱ्यात गोंधळ उडालाच तर टिलर बूमच्या दिशेने न्या. होडी वाऱ्याकडे वळते, बूम आहे त्याच बाजूला राहतो. वारा अगदी नीट पाठीमागून घेणं मी टाळतो, थोडा तिरका घेतो. लांब पल्ल्यावर बूम पुढच्या बाजूला दोरीने बांधून टाकतो.

वाऱ्याच्या तोंडात घुसू नका. बहुतेक होड्या वाऱ्याला साधारण 45 अंशांच्या आत नीट चालतच नाहीत. पुढच्या शिडावर वारा कळण्यासाठी लावलेल्या धाग्यांपैकी वाऱ्याकडचा फडफडला की नाळ जरा वाऱ्यापासून दूर न्या.

टिलर ज्या बाजूला ढकलाल त्याच्या उलट होडी वळते. टिलरऐवजी चाक असेल तर तसं नाही, फिरवाल तिकडेच होडी वळते.

टिलर ओढून दंड भरून आला तर दोष शिडात शोधा. मोठ्या शिडाची दोरी सैल सोडा, तरी भागलं नाही तर शीड कमी करा. सुकाणू दोन-चार अंश तिरकं धरावं लागेल इतकी ओढ असू द्या, होडी काय म्हणतेय ते त्या ओढीतूनच हाताला कळतं. पहिल्याच दिवशी ऑटोपायलट लावणाऱ्यांच्या हाताला ती ओढ कधी लागतच नाही, म्हणून माझ्याकडे शिकणाऱ्यांना मी त्याचं बटण दाबू देत नाही.