डिस्प्लेचा खर्च नेमका कसा धरावा?
हातात मावणाऱ्या स्वस्त उपकरणाचा खर्च मांडताना पुष्कळजण तयार मॉड्यूलची (सर्किट बोर्डावर बसवून मिळणाऱ्या स्क्रीनची) किरकोळ किंमत डिस्प्लेच्या रकान्यात लिहून मोकळे होतात. पण मोठ्या उत्पादनात बहुधा नुसते पॅनेल घेतले जाते, आणि मग फ्लेक्स केबलचा (पातळ, लवचिक पट्टीसारख्या केबलचा) कनेक्टर, बॅकलाइट (स्क्रीनच्या मागचा प्रकाश) असल्यास त्याचे सर्किट, वरची काच व जोडणीची मजुरी हे सारे वेगळे मोजावे लागते. त्याहून मोठा खर्च लपतो तो मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या चिपच्या, मेमरीत. 128 × 64 बिंदूंच्या एकरंगी ओएलईडीचे (ज्याचे बिंदू स्वतःच उजळतात अशा स्क्रीनचे) पूर्ण चित्र 1,024 बाइटमध्ये बसते, तर 320 × 240 च्या 16 बिट रंगीत टीएफटीला (एलसीडी प्रकारच्या स्क्रीनला) 1,53,600 बाइट लागतात. म्हणजे स्क्रीन थोडाच महाग दिसला, तरी मायक्रोकंट्रोलर वरच्या श्रेणीचा घ्यावा लागू शकतो. (चित्र तुकड्यातुकड्यांनी पाठवून ही गरज कमी करता येते, मात्र प्रोग्रॅमरचा वेळ मग खर्चात धरावा.) पुरवठादाराकडून 100, 1,000 आणि 10,000 नगांचे भाव वेगवेगळे मागवावेत. जोडणीत शंभरातली चार पॅनेल वाया जातील असे धरले, तर 200 रुपयांचे पॅनेल प्रत्यक्षात सुमारे 208 रुपयांना पडते.