एथिकल फॅशनच्या पेपरचा सारांश लिहिताय? या चुका टाळा

“फॅशन उद्योग जगातलं १० टक्के प्रदूषण करतो.” एथिकल फॅशन (कामगारांचं आणि पर्यावरणाचं भान ठेवून केलेली फॅशन) शिकणाऱ्या मुलामुलींनी केलेले पेपरचे, म्हणजे शोधनिबंधांचे, सारांश तपासताना हे वाक्य मला दर सत्रात भेटतं. शेजारी लाल पेनने मी एकच शब्द लिहिते: कशाचं?

किर्सी नीनिमाकी आणि सहकाऱ्यांचा २०२० सालचा ‘नेचर रिव्ह्यूज अर्थ अँड एन्व्हायर्नमेंट’मधला लेख घ्या. त्यात ८ ते १० टक्के हा आकडा आहे, पण तो कार्बन उत्सर्जनाचा. पाण्याचा आणि कचऱ्याचा हिशोब त्यांनी वेगळा दिलाय. शिवाय तो आढावा लेख आहे, म्हणजे आकडे इतरांकडून गोळा केलेले. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने त्याच वर्षी सुमारे ४ टक्के म्हटलं, तर वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने पुढच्या वर्षी सुमारे २ टक्के. यात कोणी खोटं बोलतंय असं नाही. पादत्राणं धरली का, घरची धुलाई-इस्त्री धरली का, यावर आकडा हलतो. म्हणून सारांशात आकडा घ्यायचा तर तो कशाचा, कोणाचा आणि काय काय धरून काढलेला, हेही घ्या. एवढी जागा नसेल तर आकडाच गाळा.

‘एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं’ या आकड्याचंही तेच. ही जगाची सरासरी आहे आणि तिच्यात शेतात पडणारा पाऊसही मोजलेला असतो. विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू. तिथल्या पऱ्हाटीला धरणातून एवढं पाणी जातं असं लिहिलंत, तर यवतमाळचा शेतकरी हसेल तरी किंवा चिडेल तरी. पाऊस, सिंचन आणि प्रदूषण पातळ करायला लागणारं पाणी असे तीन हिशोब पेपरमध्ये वेगळे असतील, तर सारांशातही वेगळेच ठेवा.

‘मेथडॉलॉजी’, म्हणजे अभ्यास कसा केला ते सांगणारा भाग, गाळून वाचणं ही सगळ्यांची सवय. माझीही होती. पण ग्राहकांवरच्या पेपरमध्ये सगळी मेख तिथेच असते. “नैतिक कपड्यांसाठी जास्त पैसे मोजाल का?” असं विचारलं की लोक हो म्हणतात. दुकानात गेल्यावर मात्र सेल कुठे लागलाय ते बघतात. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. तेव्हा संशोधकाने लोकांना नुसतं विचारलं की त्यांची खरेदी तपासली, ते आधी बघा. नुसतं विचारलं असेल, तर ‘ग्राहक जास्त पैसे देतात’ असं लिहू नका. ‘देऊ असं म्हणतात’ असं लिहा.

आणखी एक घोळ बांगलादेशचा. ढाक्याजवळच्या ताजरीन या कपड्यांच्या कारखान्याला नोव्हेंबर २०१२मध्ये आग लागली. २४ एप्रिल २०१३ला सावारची राणा प्लाझा ही कपड्यांचे कारखाने असलेली इमारत कोसळली आणि १,१०० हून जास्त माणसं गेली. सारांशांत या दोन्हींची सर्रास खिचडी होते. माझ्या स्वतःच्या पहिल्या सारांशात तर मी लिहिलं होतं, “राणा प्लाझानंतर ब्रँड्सनी सुरक्षेची हमी दिली.” सरांनी तो कागद तसाच परत केला. मे २०१३च्या ‘अकॉर्ड’ या ब्रँड्स आणि कामगार संघटनांमधल्या कारखाना-सुरक्षेच्या कराराचं वैशिष्ट्य हे, की तो कायद्याने बंधनकारक होता. ऐच्छिक आचारसंहिता त्याआधीही ढिगाने होत्या. नेमका ‘बंधनकारक’ हाच शब्द मी जड वाटला म्हणून उडवला होता.

पेपर डोक्यावरून जात असेल तर पहिल्या ओळीपासून रेटू नका. ॲब्स्ट्रॅक्ट (सुरुवातीचा गोषवारा), प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, मग तक्ते आणि निष्कर्ष, असं वाचा. मधला भाग त्यानंतर बराच सोपा जातो. पान अख्खं पिवळं झालं असेल, तर हायलायटर चाललाय, वाचन नाही.

सारांश लांबतच चालला तर पेपर मिटा आणि घरात कोणाला तरी तोंडी सांगा. एका विद्यार्थिनीने शिवणकाम करणाऱ्या आपल्या आईला असाच सांगितला. सगळं ऐकून आई म्हणाली, “अगं, पण त्या शिवणाऱ्या बायांना पीसमागे मिळतात किती?” पेपरमध्ये त्याचा पानभर तक्ता होता. सारांशात एक ओळ नव्हती.