बायोस अपडेट करताना या चुका टाळा

विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) लागतात. म्हणून बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये, कधीच न शिरलेली माणसंही त्या चालू करायला तिथे शिरू लागली. काम फार तर अर्ध्या तासाचं आहे, पण क्रम चुकला तर आपलीच डिस्क आपल्याला उघडत नाही.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची) रिकव्हरी की हाताशी नसताना बायोस बदलणं. टीपीएम चिप प्रत्येक वेळी बायोस आणि बूटची स्थिती तपासते आणि ती आधीसारखी असेल तरच डिस्कची किल्ली सोडते. अपडेटनंतर ती जुळत नाही आणि निळा पडदा 48 अंकांची रिकव्हरी की मागतो. 'मी बिटलॉकर लावलंच नव्हतं' यावर विसंबू नका. विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, की बहुतेक मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून मशीन आणलं असेल तर सेटअप कोणाच्या ईमेलवर झाला हे आधी विचारा. तो दुकानातल्या मुलाच्या खात्यावर झाला असेल तर रिकव्हरी कीसुद्धा तिथेच गेलेली असते.

म्हणून आधी की कागदावर उतरवा किंवा प्रिंट काढा. मग विंडोजच्या प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमधल्या बिटलॉकरमध्ये 'सस्पेंड प्रोटेक्शन' दाबा. होम आवृत्तीत हा पर्याय दिसत नाही. तिथे सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा. काम झाल्यावर संरक्षण परत चालू आहे ना, तेही बघा.

एएमडी रायझन प्रोसेसरच्या मशीनवर अपडेटनंतर एक काळा पडदा येतो: एफटीपीएम (प्रोसेसरमधलाच टीपीएम) रीसेट करायला 'वाय', जुनं ठेवायला 'एन'. घाईत वाय दाबू नका. त्याने जुन्या किल्ल्या पुसल्या जातात.

जुन्या मशीनवर सिक्युअर बूटसाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद केलं आणि विंडोज सुरूच होईना, तर डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या मांडणीची आहे. फॉरमॅट मारायची गरज नाही. सीएसएम पुन्हा चालू करा, बॅकअप घ्या, विंडोजमधल्याच 'एमबीआर टू जीपीटी' साधनाने डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत बदला आणि मग सीएसएम बंद करा.

बायोसची फाइल घेताना मदरबोर्डवर छापलेला रिव्हिजन क्रमांक पाहा. नाव तेच असलं तरी रिव्हिजन 1.0 आणि 1.2 च्या फाइल वेगळ्या असू शकतात. पेनड्राइव्ह एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेला हवा. मुंबईत वीज क्वचित जाते, म्हणून घरात यूपीएस नसतो. पण 12 ऑक्टोबर 2020 ला अख्खं शहर भर सकाळी बंद पडलं होतं. फ्लॅश होताना, म्हणजे नवा बायोस लिहिला जात असताना, वीज गेली तर बोर्ड मृत होऊ शकतो. यूपीएस मागून आणा.

डीडीआर5 रॅम असेल तर अपडेटनंतर पडदा काही मिनिटं काळा राहतो. रॅमचं ट्रेनिंग (तिचा वेग जुळवून घेणं) चालू असतं, बटण दाबून बंद करू नका.

इंटेलच्या 13 व्या आणि 14 व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरना मात्र अपडेट टाळू नका. जास्त व्होल्टेजने प्रोसेसर झिजण्याचा दोष नव्या मायक्रोकोडने (बायोस अपडेटमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या सूचनांनी) आवरतो, पण झालेली झीज भरून येत नाही. अपडेटनंतरही गेम किंवा झिप उघडताना मशीन कोसळत असेल तर प्रोसेसर बदलून मागा. बाधित मॉडेलना इंटेलने 2 वर्षांची वाढीव वॉरंटी दिली आहे. बॉक्सवाला प्रोसेसर थेट इंटेलकडे जातो, बॉक्सशिवाय सुटा विकलेला 'ट्रेवाला' दुकानदारामार्फत, आणि त्यासाठी पक्कं बिल लागतं.